लग्नपत्रिका, मोडकी फूटपट्टी आणि एक वाघीण

कोळशाच्या मालगाडीतली गेरूच्या रंगाची उघडी वाघीण, बॉक्सएन, फलाटावर उभं राहून आपण सगळ्यांनीच मोजली आहे. तीच १:८७ मापात, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये, भंगारातून करता येते.

आधी बोग्या मिळवा. बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा. एखाद्या मोडक्या एचओ डब्याच्या दोन बोग्या, चाकं आणि कपलर (डबे एकमेकांना जोडायची कडी) हाती आले की निम्मं काम झालं. अमेरिकन डब्याची बोगी दोन-तीन मिलिमीटर आखूड पडते, पण ते कुणाच्या नजरेत येत नाही. डुगडुगणारी चाकं मात्र घेऊ नका. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्निअर कॅलिपरवर १४.४ मिमीच्या आसपास भरलं पाहिजे. काटकसर बाकी सगळीकडे करा, चाकांत नको.

आता माप. खरी वाघीण आतून ९७८४ मिमी लांब, २९५० रुंद, १९५० उंच. ८७ने भागलं की तळ ११२.५ × ३४ आणि बाजू २२.४ मिमी उंच. तळाखाली कणा म्हणून प्लॅस्टिकच्या फूटपट्टीचा तुकडा लावा. त्यात ७५ मिमी अंतरावर बोग्यांची दोन भोकं पाडा, पण सावकाश, नाहीतर पट्टी तडकते. तळ आणि भिंती जाड लग्नपत्रिकेच्या. कडांना पातळ फेविक्विक पाजलं की पुठ्ठा प्लॅस्टिकसारखा कडक होतो. बाहेरचे उभे खांब पत्रिकेच्याच पट्ट्यांचे. ते किती, हे फोटोत बघून ठरवा.

एका बोगीचा स्क्रू थोडा घट्ट ठेवा, म्हणजे ती वळेल पण डुलणार नाही. दुसरीचा सैल, म्हणजे ती डुलेलही. मी पहिल्यांदा दोन्ही घट्ट केले, आणि वाघीण रुळाच्या प्रत्येक सांध्यावर एक चाक उचलायची. कपलरचा मध्य रुळापासून ९.९ मिमी उंच यायला हवा. कमी पडला तर बोगीवर वॉशर घाला.

वजनाकडे दुर्लक्ष झालं तर एवढं सगळं फुकट. एचओचा ठोकताळा असा: २८ ग्रॅम, अधिक दर इंचाला १४. आपली वाघीण साडेचार इंचांना किंचित कमी, म्हणजे साधारण ९० ग्रॅम. माझी जेमतेम ३० भरली होती. मागे आठ डबे लावले की वळणावर आतल्या अंगाला लोळायची. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगच्या चिकट वजनपट्ट्या मिळतात, त्या तळावर मधोमध चिकटवा. कोळशाखाली झाकल्या जातात.

रंगाला हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड प्रायमर पुरतो. आकडे पांढऱ्या जेल पेनने.

शेवटी माल. थर्माकोलचा तुकडा आत बसेल असा कापून त्यावर पाणी घातलेलं फेविकॉल लावा. इस्त्रीवाल्याकडचा मूठभर कोळसा फडक्यात कुटून, चहाच्या गाळणीतून चाळून वर पसरा. स्प्रे मारायचा असेल तर हे सगळं घालण्याआधी मारा, कारण स्प्रेने थर्माकोल विरघळतो. आणि गाळणी परत स्वयंपाकघरात ठेवू नका.