स्वस्त ‘हिट्स’ डिस्क घेताना कव्हर नाही, क्रमांक बघा

लॅमिंग्टन रोडला किंवा हाजी अलीच्या हीरा पन्नात जुन्या गेमच्या चळतीत लाल पट्ट्याची कव्हरं हमखास सापडतात. ही ‘प्लेस्टेशन हिट्स’ मालिका. प्लेस्टेशन ४ म्हणजे पीएस४ या गेम-कन्सोलचे गाजलेले गेम सोनीने २०१८मध्ये कमी किमतीत पुन्हा बाजारात आणले, अमेरिकेत १९.९९ डॉलरला. प्रथा जुनीच आहे: पहिल्या दोन प्लेस्टेशनला अमेरिकेत ‘ग्रेटेस्ट हिट्स’, युरोपात रुपेरी पट्ट्याची ‘प्लॅटिनम’, निन्टेन्डोकडे ‘प्लेयर्स चॉइस’ आणि पुढे ‘निन्टेन्डो सिलेक्ट्स’.

लॅमिंग्टन रोडला जायचं तर रविवार सोडून जा, बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा.

आधी आवृत्ती ठरवा. स्वस्त म्हणजे कापलेली, हा समज चुकीचा आहे. पीएस२च्या ‘सायलेंट हिल २’च्या अमेरिकन ग्रेटेस्ट हिट्स डिस्कमध्ये पहिल्या छपाईत नसलेला जादा भाग आहे, आणि पीएस१च्या ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’च्या ग्रेटेस्ट हिट्समध्ये आधी राहून गेलेलं संगीत भरलेलं आहे. उलटंही होतं. ‘ब्लडबोर्न’च्या लाल पट्ट्याच्या डिस्कमध्ये फक्त मूळ गेम येतो, ‘द ओल्ड हंटर्स’ हा विस्तार हवा असेल तर ‘गेम ऑफ द इयर’ डिस्क शोधा, त्यात तो डिस्कवरच आहे. ‘द लास्ट ऑफ अस रीमास्टर्ड’ मात्र हिट्समध्येही पूर्ण मिळतो, ‘लेफ्ट बिहाइंड’सकट. विस्तार डिस्कवर नसून डब्यातल्या कागदावरच्या कोडने मिळणार असेल, तर सेकंडहँडमध्ये त्याची किंमत शून्य धरा. तो कोड एकदाच चालतो.

आता खरी अडचण. दुकानदार सांगतो, नेटवरही सगळे सांगतात: ‘पीएस४ रिजन-फ्री आहे, कुठलीही डिस्क घ्या.’ हा सल्ला अर्धवट आहे आणि सगळ्यात जास्त पैसे यातच बुडतात. डिस्क कुठल्याही देशाची असो, चालते हे खरं. पण त्या गेमचा डीएलसी, म्हणजे वेगळा विकत घ्यायचा जादा भाग, डिस्कच्या रिजनशी बांधलेला असतो. भारतीय प्लेस्टेशन स्टोअर युरोपच्या गटात मोडतं. भारतीय अकाउंटवरून घेतलेला डीएलसी युरोपियन डिस्कला लागतो, अमेरिकन डिस्कला लागत नाही. पैसे कापले जातात, फाइल उतरते आणि गेम तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

ओळखायचं कसं? डिस्कवर छापलेला सीयूएसए (CUSA) क्रमांक वाचा. ‘ब्लडबोर्न’चंच बघा: सीयूएसए-००२०७ ही युरोपियन, सीयूएसए-००९०० ही अमेरिकन. नाव तेच, चित्र तेच, पण कन्सोलच्या हिशेबी हे दोन वेगळे गेम आहेत. एकाचा सेव्हसुद्धा, म्हणजे जपून ठेवलेला खेळ, दुसऱ्यात उघडत नाही. मित्राकडून सेव्ह आणणार असाल तर दोघांचे क्रमांक जुळवा. कव्हरवरचा वयोगटाचा शिक्का ही पहिली खूण: पेगी म्हणजे युरोप, ईएसआरबी म्हणजे अमेरिका, सेरो म्हणजे जपान. डब्याच्या पाठीवर ‘पीएलएएस’ (PLAS) दिसलं तर माल आशियाई आहे. पण शिक्क्यावर थांबू नका. सेकंडहँड मालात डबा एकाचा आणि डिस्क दुसऱ्याची हे सर्रास होतं, म्हणून डबा उघडायला लावा आणि क्रमांक डिस्कवरूनच वाचा. दुकानदार उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

अमेरिकन डिस्क वाईट नसते. जिचा सगळा मजकूर डिस्कवरच आहे किंवा जिला डीएलसी नाहीच, ती खुशाल घ्या. पॅच, म्हणजे गेमच्या फुकट दुरुस्त्या, डिस्कच्या क्रमांकाप्रमाणे आपोआप उतरतात, अकाउंट कुठल्याही देशाचं असो. डीएलसी हवाच असेल तर कन्सोलवर दुसरं, अमेरिकेचं अकाउंट उघडावं लागेल आणि पैसे भरायला तिथलं गिफ्ट कार्ड लागेल, कारण आपली कार्डं तिथे सहसा चालत नाहीत. जुन्या अकाउंटचा देश बदलता येत नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पेगीची डिस्क थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

नवी डिस्क घेत असाल तर डब्यामागे आयातदाराचं नाव आणि एमआरपी छापलेला स्टिकर शोधा. नसेल तर माल बाहेरून आलेला आहे. मग क्रमांकाची चौकशी आणखी कडक करा.

ओरखडे मोबाइलच्या टॉर्चखाली डिस्क तिरकी धरून बघा. मधून कडेकडे गेलेली रेघ बऱ्याचदा खपून जाते. गोलाकार, ट्रॅकच्या दिशेने गेलेली रेघ धोक्याची. मधल्या भोकाभोवती तडा असेल तर परत ठेवा. ‘पॉलिश करून देतो’ याला पीएस४साठी कधीही हो म्हणू नका. पीएस४ची डिस्क ब्लू-रे असते. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. पीएस२ची डीव्हीडी घासून सुधारते. ब्लू-रे घासली की कडक लेप जातो आणि त्यामागोमाग डिस्क. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत डिस्कवर पांढुरकी बुरशी चढते, ती मऊ कोरड्या कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवून नको.

पीएस२ची डिस्क घेताना वेगळी गोष्ट आहे. तिथे रिजन-लॉक खराच आहे. भारतात अधिकृत विकलेला पीएस२ पाल, म्हणजे युरोपसारख्या टीव्ही पद्धतीचा होता, म्हणून एसएलईएस (SLES) किंवा एससीईएस (SCES) या युरोपियन क्रमांकाच्याच डिस्क घ्या. अमेरिकन एसएलयूएस (SLUS) चालणार नाही.

शेवटी इन्स्टॉल. दुकानातल्या कन्सोलवर गेमचा मेनू दिसला म्हणजे डिस्क चांगली, असं होत नाही. पीएस४वर डिस्क कन्सोलच्या हार्ड डिस्कवर पूर्ण कॉपी होण्याआधीच बरेच गेम सुरू होतात. खराब भाग नंतर लागतो आणि कॉपी मध्येच अडकते. नेट बंद करून कॉपी शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ द्या. अर्धा तास लागू शकतो, तितका वेळ दुकानात नसेल तर बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून घ्या आणि त्याच संध्याकाळी घरी कॉपी करा.