रिसेप्टरवर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

हार्ट पेशंटच्या रक्तवाहिनीचा तुकडा हातात पडला की नव्या पोरांना कधी एकदा हार्मोन टाकतो आणि ती किती आवळते-सैलावते याचा ग्राफ काढतो असं होतं. ग्राफ विचित्र आला की ठरलेलं वाक्य, "आजारात रिसेप्टर बदललाय सर." (रिसेप्टर म्हणजे पेशीतलं हार्मोन पकडणारं प्रोटीन.) अरे आधी स्वतःचे हात बघ ना!

माझं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे आतलं अस्तर खरवडणं. एंडोथेलियम म्हणजे पेशींचा एकच थर, चिमटा लागला की संपला. आता एंडोथेलिन या हार्मोनचंच घ्या, त्याचा ईटी-ए रिसेप्टर मसलवर बसून नळी आवळतो आणि अस्तरावरचा ईटी-बी नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावून ती सैल करतो (मसलवरचा ईटी-बी परत आवळतोच, तो घोळ वेगळा). म्हणजे अस्तर गेलं की ब्रेक गेला. आमच्याकडे एका पठ्ठ्याने चार महिने खपून "आजारी धमनीत ईटी-बी गायब" असा निष्कर्ष काढला, पोस्टरसुद्धा तयार. एक दिवस मी नुसता शेजारी उभा राहिलो. ताण मोजायला नळीतून ओवायची 40 मायक्रॉनची तार पहिल्या झटक्यात आत जाईना, तर साहेबांनी चिमट्याचं टोक घालून नळीचं तोंड फाकवलं आणि तार दोनदा मागेपुढे केली. झालं, ईटी-बी तिथेच गायब! फर्चगॉट या शास्त्रज्ञाने 1980 मध्ये सशाच्या महाधमनीवर हेच तर दाखवलं होतं, अस्तर शाबूत असेल तरच अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने ती सैल होते, त्याआधी तुकडे कापताना ते नकळत घासलं जायचं.

गंमत म्हणजे आजारी अस्तर आणि नसलेलं अस्तर, दोघांचा ग्राफ सारखाच दिसतो. म्हणून माझी सवय अशी की तुकडा आधी थोडा आवळून घ्यायचा आणि अस्तराकरवी सैल करणारं ब्रॅडिकायनिन द्यायचं. सैल नाही झाला तर मसलला थेट सैल करणारं नायट्रोप्रुसाइड, त्यानेही नाही तर मसलच मेलाय, फेकून द्या. नायट्रोप्रुसाइडने झाला तर गडबड अस्तरात, मग सीडी31 (अस्तराच्या पेशींची खूण) चं स्टेनिंग करून पेशी मुळात आहेत का ते बघायचं. कोरोनरीत (हृदयाच्या धमनीत) ही टेस्ट अ‍ॅसिटिलकोलीनने करू नका, आजारी कोरोनरी त्याने उलट आवळते. हो, या सगळ्यात अख्खी सकाळ जाते, जाऊ दे.

दुसरं म्हणजे एकाच तुकड्यावर अँजिओटेन्सिन टू (हाही नळी आवळणारा हार्मोन) दोनदा देणं. पहिल्या डोसनंतर त्याचे एटी-वन रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात, दुसऱ्यांदा आवळणं आपोआप कमी भरतं, आणि मधे रिसेप्टर अडवणारा ब्लॉकर टाकला असेल तर सगळं श्रेय त्याला. एका तुकड्यावर एकच कर्व्ह (डोसनुसार आवळण्याचा ग्राफ), ब्लॉकरवाला तुकडा त्याच धमनीचा पण शेजारचा, माझ्याकडे यात सूट नाही. एंडोथेलिन तर धुऊन निघतच नाही, त्यामुळे "तीनदा वॉश केलं सर" हे मला सांगू नका.

पेशंट लोसार्टनवर (एटी-वन अडवणारं बीपीचं औषध) आहे का ते न विचारता एटी-वनबद्दल बोलू नका.

बायका आणि पुरुषांचे तुकडे एका ढिगात टाकायचे आणि मग इस्ट्रोजेन रिसेप्टरवर भाष्य करायचं, हे निदान माझ्यासमोर नको.

आणि शॉर्टकटवाल्यांचं लाडकं, वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडीने प्रोटीनचा बँड शोधणं. एटी-वनच्या बाजारातल्या कितीतरी अँटिबॉडी ज्या उंदरात तो रिसेप्टरच नाही त्याच्या टिश्यूतही झकास बँड देतात. तसा रिकामा कंट्रोल शेजारी लावलेला नसेल तर तो ब्लॉट माझ्या टेबलावर आणू नका.