दारू सोडण्यासाठी एए सभेला जाताना

दारू सोडायची असे मनाशी ठरवलेल्या माणसाला बहुधा पहिला प्रश्न पडतो तो हा, की जायचे कोठे आणि तेथे आपल्याला कोणी ओळखले तर काय. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'एए', ही 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेली संघटना आज महाराष्ट्रात आणि गोव्यातही अनेक ठिकाणी सभा भरवते. सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही, अर्ज नाही, आणि अनामिकता हा तर संघटनेचा पायाच आहे.

मात्र सभेच्या आधी एक गोष्ट पाहावी. जो माणूस रोज पितो, ज्याचे हात सकाळी पहिला घोट घेईपर्यंत थरथरतात, त्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. अशा माणसाने प्रथम सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखवावे. एए हा औषधोपचार नव्हे, आणि जुने सभासदही तसा दावा करीत नाहीत.

सभेचा पत्ता शोधण्याचे मार्ग साधे आहेत. एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावनिहाय माहिती आणि मदतीचा दूरध्वनी क्रमांक मिळतो, आणि फोन उचलणारी व्यक्ती बहुधा स्वतःच दारू सोडलेली असते, त्यामुळे तिच्यापुढे फार प्रस्तावना करावी लागत नाही. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीची 14446 ही विनाशुल्क सेवा उपचारकेंद्रांची माहिती देते. याशिवाय 1986 पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या केंद्रातील किंवा जवळच्या रुग्णालयातील समाजसेवकाला विचारावे. जवळचा चालू गट कोणता, हे त्यांना सहसा ठाऊक असते.

फोनवर तीन गोष्टी नक्की विचारून घ्याव्यात: सभा कोणत्या भाषेत चालते, ती खुली आहे की बंद, आणि आत जाण्याचे दार नेमके कोणते. खुल्या सभेला नातेवाईक किंवा केवळ माहिती घेणारे लोकही बसू शकतात, तर बंद सभा फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी असते. दाराची चौकशी क्षुल्लक वाटेल, परंतु सभा अनेकदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या आवारातील खोलीत भरतात, बाहेर ठळक पाटी असेलच असे नाही, आणि अंधारात दोन फेऱ्या मारून परत फिरण्यास मन टपलेलेच असते. गणपतीच्या किंवा परीक्षांच्या दिवसांत जागा बदललेली असू शकते, म्हणून त्याच दिवशी पुन्हा खात्री करावी.

दहा मिनिटे आधी पोहोचावे. खुर्च्या मांडणाऱ्या किंवा चहाचे पेले भरणाऱ्या माणसाला 'मी पहिल्यांदाच आलो आहे' एवढे सांगितले, तरी पुढचे तो पाहतो. सभा साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला प्रार्थना होते, बारा पायऱ्यांपैकी, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा टप्प्यांपैकी, काही वाचले जाते, मग एकेक जण पुढे येऊन आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि आपला अनुभव मांडतो. त्याला कोणी मध्येच अडवत नाही, सल्ला देत नाही, वादही घालत नाही. घरात आणि कचेरीत उपदेश ऐकून विटलेल्या माणसाला हा भाग सर्वांत सुखाचा वाटतो, असे मला वाटते. आपली पाळी आली तर 'आज मी फक्त ऐकतो' म्हणून हात जोडले तरी चालते. खर्चासाठी पिशवी फिरते, पण पैसे टाकलेच पाहिजेत असे नाही. प्रार्थनेत देवाचे नाव येते म्हणून नास्तिकाने बिचकू नये, कारण त्या शक्तीचा अर्थ ज्याने त्याने आपल्यापुरता लावायचा असतो.

एका सभेवरून मत बनवू नये. एखाद्या गटात सगळेच आपल्यापेक्षा वयस्कर निघतात, एखाद्यात भाषा परकी वाटते. तेव्हा दुसरा गट पाहावा. नवख्याने पहिल्या नव्वद दिवसांत नव्वद सभा कराव्यात असे एएमध्ये सुचवतात. तालुक्याच्या गावी हे अशक्य आहे, तेथे ऑनलाइन सभांनी भर घालता येते. जाता-येता ज्याचे बोलणे आपल्याला लागू पडले त्याचा फोन नंबर मागून घ्यावा, आणि संध्याकाळी तलफ येते तेव्हा, पिण्याआधी, तो लावावा. पुढे यांपैकीच एखाद्याला स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला सोबत आणि मार्गदर्शन करणारा जुना सभासद, होण्याची विनंती करतात. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला, असा संकेत आहे. मध्येच घसरण झाली तरी पुढच्या सभेला जावे, कारण त्यासाठी कोणाला गटातून काढत नाहीत.

कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन ही 1951 पासूनची स्वतंत्र संघटना आहे. पिणारा स्वतः सभेला यायला तयार नसला, तरी त्याच्या पत्नीने, आईने किंवा भावाने तेथे एकट्याने जाणे चालते.