बंदरावर जाण्याआधी: माशांच्या डीएनए बारकोडिंगची तयारी

कोकण किनाऱ्यावरच्या माशांचं डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरलेल्या तुकड्यावरून जात ओळखणं, करायचं ठरलं की कॉलेजातले बहुतेक गट पहिल्यांदा किटच्या किमती काढायला बसतात. त्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा. ‘रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या माशांची विविधता’ हा प्रश्न नव्हे, तो मथळा झाला. ‘मुशी म्हणून तुकडे करून विकल्या जाणाऱ्या मालात नेमक्या किती जाती आहेत’ हा प्रश्न झाला. कारण डोकं, पर आणि कातडी गेली की मुशीची (शार्कची) जात डोळ्यांनी ओळखणं जवळजवळ अशक्य असतं, आणि तिथे डीएनएवर खर्च करण्यात अर्थ आहे. अख्खा बोंबील समोर पडला असताना तो बोंबीलच आहे हे सिद्ध करायला प्रयोगशाळा कशाला? २००८ साली न्यूयॉर्कमधल्या दोन शाळकरी मुलींनी दुकानांतून आणि हॉटेलांतून माशांचे तुकडे गोळा केले, ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडून बारकोड करून घेतले, आणि सुमारे पाव नमुन्यांवर चुकीचं नाव असल्याचं निघालं. स्वतःची प्रयोगशाळा त्यांच्याकडे नव्हती, प्रश्न मात्र नेमका होता.

तत्त्व गटातल्या प्रत्येकाला पाठ हवं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडणी केली की प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा जात ओळखायला पुरतो. माशांच्या बाबतीत २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०७ जाती तपासल्या. एकाच जातीच्या माशांमध्ये सरासरी फरक ०.३९ टक्के, तर एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) दोन वेगळ्या जातींमध्ये ९.९३ टक्के निघाला. सगळा डोलारा या दोन आकड्यांमधल्या अंतरावर उभा आहे. गटात कुणाला झाडं किंवा बुरशी करायची असेल तर हा तुकडा तिथे चालणार नाही. वनस्पतींसाठी आरबीसीएल आणि मॅटके ही जनुकांची जोडी, बुरशीसाठी आयटीएस हा तुकडा, आणि त्याची तयारी वेगळी.

आता यादीतली सगळ्यात जड बाब: नमुना मासा जपून ठेवायची सोय. हिला मी प्रयोगशाळेच्याही वर ठेवतो. बारकोड म्हणजे शेवटी अक्षरांची ओळ. तिला नाव मिळतं ते कुणीतरी आधी नीट ओळखून ठेवलेल्या माशामुळे, आणि तो मासाच हरवला तर नावावर शंका आल्यावर बघायचं काय? याचं उदाहरण आपल्या ताटातच आहे. २०२३ मध्ये पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. आपल्याकडच्या या चंदेरी पापलेटाला वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस म्हटलं गेलं. पुढे डीएनए आणि अंगाची मोजमापं दोन्ही पाहिल्यावर भारतीय पाण्यातला मासा वेगळा, म्हणजे पॅम्पस कँडिडस, असं संशोधकांनी दाखवलं. पण जुन्या नोंदी जुन्याच नावाने बारकोडच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये बसलेल्या आहेत. तुमचा पापलेट त्यांच्याशी शंभर टक्के जुळेल आणि तरीही नाव चुकेल. म्हणून काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या रुंद तोंडाच्या बरण्या, दहा टक्के फॉर्मेलिन, नंतर हलवायला सत्तर टक्के अल्कोहोल आणि या बरण्या कायम ठेवायला कपाटाचा एक कप्पा, एवढं प्राचार्यांकडून लेखी मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठी मुशी बरणीत मावणार नाही. तिचे सर्व बाजूंनी फोटो, मोजमापं, जबड्याचा फोटो आणि मांसाचा तुकडा यांवर भागवावं लागतं. एखादा नमुना नवी जात निघण्याची शक्यता वाटली तर तो कायद्याने नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. माशांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था ही अशी ठिकाणं.

फॉर्मेलिनचं एक पथ्य. ते डीएनए खराब करतं, त्यामुळे मांसाचा तुकडा आधी, फॉर्मेलिन नंतर. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून पेटीच्या झाकणावर चिकटवा. आणि ते हाताळताना मोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

कायद्याची पानं कंटाळवाणी, पण ती आधीच चाळा. करवत मासा, व्हेल शार्क आणि आणखी काही मुशी-पाकट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ताजी यादी छापून सोबत ठेवा. असा प्राणी जाळ्यात आलेला दिसला तर परवानगीशिवाय त्याचा तुकडाही घ्यायचा नाही, वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवायचं. नमुने किंवा डीएनए परदेशी पाठवायचा विचार असेल, किंवा गटात परदेशी भागीदार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम पाहिल्याशिवाय पाकीट बंद करू नका. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीलाही सांगून ठेवा. त्यांच्या नोंदवहीत स्थानिक नावं असतात, ती तुम्हाला लागणार आहेत.

दिवस ठरवताना १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी लक्षात घ्या. त्या काळात बाजारात बर्फातला, बाहेरून आलेला मालच जास्त. तसंही बाजारात मिळालेला मासा बाजाराजवळच पकडलेला असतो असं नाही. रत्नागिरीत विकला गेलेला मासा गुजरातच्या किंवा कर्नाटकच्या पाण्यातलाही असू शकतो. म्हणून ‘कुठे विकत घेतला’ आणि ‘कुठे पकडला’ असे दोन वेगळे रकाने तक्त्यात करा. दुसरा भरायचा तर नाखवाशीच बोलावं लागतं: जाळं कुठलं, डोल, रापण की पर्ससीन, आणि किती वाव पाण्यात टाकलं. लिलावाच्या घाईत हे विचारू नका. माल विकून झाला, चहा आला, की मग. मासळीवाल्या मावशींना आपण काय करतोय ते सरळ सांगा आणि मासा पैसे देऊनच घ्या. पालिकेची तपासणी आली असं एकदा पसरलं की कुणी धड बोलत नाही. सरंगा, कापरी, हलवा यांतला फरक त्या सांगतील तसा लिहून घ्या. हलवा त्या कधीच पापलेटात धरत नाहीत आणि शास्त्रही धरत नाही, तो कुळानेच निराळा.

पिशवीत काय? ९५ टक्के इथेनॉल, शुद्ध. रंग घातलेलं स्पिरिट नको. शुद्ध इथेनॉल घ्यायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो रसायनशास्त्र विभागाकडे बहुधा असतो. नसला तर हाच कागद सगळ्यात उशिरा हातात येतो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. स्क्रू झाकणाच्या दोन मिलिलिटरच्या नळ्या, चिमटे, ब्लेडं, स्पिरिटचा दिवा, ब्लीच, मोजपट्टी, काळं किंवा निळं कापड फोटोमागे धरायला, बर्फपेटी. लेबलासाठी ट्रेसिंग पेपरचे तुकडे आणि शिसपेन्सिल. पेनाची शाई आणि मार्करची अक्षरं अल्कोहोलमध्ये उतरतात, मग नळ्या असतात पण कुठली कुणाची ते कळत नाही. लेबल नळीच्या आत टाकायचं, झाकणावरचा क्रमांक फक्त सोयीसाठी.

फोटो आधी, कारण रंग तासाभरात मावळतो. माशाचं डोकं डावीकडे, पर पसरलेले, मोजपट्टी शेजारी. मांस उजव्या बाजूने घ्या म्हणजे फोटोतली डावी बाजू शाबूत राहते. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा पुरतो. जास्त घेतला तर आतलं पाणी अल्कोहोल पातळ करतं आणि तुकडा कुजतो. दुसऱ्या दिवशी नळीतलं इथेनॉल बदला. दोन माशांच्या मध्ये चिमटा ब्लीचमध्ये, मग पाण्यात, मग ज्योतीवर. एका माशाचं मांस दुसऱ्याच्या नळीत गेलं की बांगड्याच्या नळीतून सुरमई निघते, आणि ती चूक निकाल येईपर्यंत लपून राहते.

प्रयोगशाळेचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे चालू पद्धती भरपूर आहेत. डीएनए काढताना आणि पीसीआर (हव्या त्या तुकड्याच्या नकला वाढवण्याची पद्धत) लावताना दोन्ही वेळा एक रिकामी नळी, जिच्यात रसायनं सगळी पण मासा नाही. तिच्यातून पट्टी आली तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. माशांसाठी तयार प्रायमर-जोड्या (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) आहेत, आणि अॅनीलिंगला (प्रायमर डीएनएला चिकटण्याच्या टप्प्याला) ५४ अंश सेल्सियसपासून सुरुवात करता येते. जेलवर ६५० अक्षरांच्या लांबीच्या आसपास एकच ठळक पट्टी दिसली तरच नमुना सिक्वेन्सिंगला (अक्षरांचा क्रम वाचायला) पाठवा, दोन्ही दिशांनी. पावसाळ्यात लाइट जाते, त्यामुळे फ्रीझरला इन्व्हर्टर आहे का ते विचारा, आणि एन्झाइम छोट्या हिश्श्यांत विभागून ठेवा.

क्रम हातात आल्यावर घाईने ब्लास्टमध्ये (क्रम जुळवून शोधायच्या साधनात) टाकून पहिलं नाव उचलायचं नाही. आधी सिक्वेन्सिंगचा मूळ आलेख उघडा, दोन्ही टोकांचा गढूळ भाग कापा, मग प्रथिनांत भाषांतर करा. इथे पृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाचा संकेत निवडा. नेहमीचा संकेत राहिला तर टीजीए हे ‘थांबा’ म्हणून वाचलं जातं आणि चांगला क्रमही सदोष वाटतो. योग्य संकेतातही मधेच थांबा आला तर वाचनात चूक आहे, किंवा केंद्रकात जाऊन पडलेली जनुकाची जुनी नक्कल पीसीआरमध्ये वाढली आहे. त्यानंतर बोल्ड आणि जेनबँक या दोन्ही डेटाबेसांत शोधा. वरच्या नोंदी वेगवेगळ्या गटांनी जमा केल्या आहेत का, त्यांच्यामागे फोटो आणि नमुना आहे का, ते बघा. एकाच लेखातल्या दहा नोंदी म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. दोन टक्क्यांहून कमी फरक म्हणजे तीच जात, ही सीमा काम सुरू करायला ठीक आहे, निकाल द्यायला नाही.

आणि प्रश्नात कुपा (ट्यूना) असेल तर प्रायमरच्या पहिल्याच मागणीत कंट्रोल रीजन या मायटोकॉन्ड्रियातल्याच दुसऱ्या तुकड्याची जोडी घाला. ट्यूनाच्या काही जाती इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या आहेत की सीओआय त्यांना भरवशाने सोडवत नाही. शिवाय मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, त्यामुळे संकर झालेल्या माशात तो बापाबद्दल काहीच सांगत नाही.