नवीन व्हीएमसी बुक करायच्या आधी जुनी मशीन किती वेळ कापतेय ते मोजा

कुठलीही एमआयडीसी घ्या, भोसरी, सातपूर, वाळूज नाहीतर शिरोली, पाच-सहा मशीनच्या शेडवाल्याला विचारलं की धंदा वाढवायचाय तर काय करणार, की उत्तर ठरलेलं, अजून एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापायची मशीन) टाकतो. टाका ना, पण हिशोब बघून टाका. २५ लाखांचं लोन ५ वर्षांसाठी १० टक्क्यांनी घेतलं तर हप्ता महिन्याला ५३ हजारांच्या आसपास बसतो आणि शेडमधे काम असो नसो तो जातोच. त्यापेक्षा आधी फुकटचं एक काम करा, आहे त्या मशीनवर दिवसभरात टूल खरंच किती वेळ मटेरियलला लागलेलं असतं ते मोजा.

मशीनला फॅनुक कंपनीचा कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) असेल तर सेटिंगमधल्या टायमरच्या पानावर पॉवर ऑन, ऑपरेटिंग टाईम, कटिंग टाईम असे आकडे दिसतात, सकाळी शिफ्ट चालू होताना एक फोटो काढायचा आणि संध्याकाळी एक, दोघांची वजाबाकी केली की झालं. जुनी लेथ किंवा मिलिंग असेल तर मशीनला पॅड लटकवा, पेन दोरीने बांधा (नाही बांधलं तर दुसऱ्या दिवशी पेन नसणार हे लिहून ठेवा), आणि मशीन थांबली की वेळ आणि कारण. कारणं मोजकीच ठेवा: सेटिंग (एक पार्ट संपल्यावर मशीन दुसऱ्या पार्टसाठी तयार करणं), मटेरियल नाही, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं)/टूल, क्यूसीची (माप तपासणाऱ्याची) वाट, बिघाड, लाईट, ऑपरेटर नाही. आठवड्याची सुट्टी सोडून एक पूर्ण आठवडा फक्त लिहायचं, काही बदलायचं नाही, कोणाला बोलायचं तर अजिबात नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही कागद बघून ओरडलात की पुढे सगळ्या ओळींत "लाईट गेली" एवढंच येणार, मग महावितरणला शिव्या देत बसा.

आठवड्याने बेरीज मारा. जॉबवर्कवाल्यांकडे, म्हणजे ज्यांच्याकडे बॅच छोटी आणि पार्ट सारखे बदलतात, तिथे बहुतेक वेळा सेटिंग सगळ्यात वर येतं. समजा शिफ्ट निव्वळ ८ तासांची, दिवसाला दोन सेटिंग, एकेक दीड तासाची, म्हणजे ३ तास गेले आणि हे रोज. हेच सेटिंग ३५ मिनिटांवर आणलं तर दिवसाला ११० मिनिटं सुटतात, सायकल टाईम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, ४ मिनिटांचा धरला तर २७ पार्ट जास्त. मशीनचा रेट तासाला ४०० धरला तर दिवसाचे सातशे-तीस रुपये आणि २५ दिवसांचे १८ हजारच्या वर, ते पण एका मशीनवर. तीन मशीनवर हे जमलं तर वरचा हप्ता एवढ्यातच निघतो, वर नवीन मशीन घ्यायची पण गरज नाही.

आता सेटिंग कमी कसं करायचं. यात जपानच्या शिगेओ शिंगो यांचं काम मोठं आहे, १९५० मधे हिरोशिमाला माझदाच्या कारखान्यात ते प्रेसची डाय (पत्रा दाबायचा साचा) बदलताना बघत होते तर कामगार एक बोल्ट सापडत नाही म्हणून तासभर पळत होता आणि प्रेस नुसती उभी. त्यातून त्यांनी साधी गोष्ट काढली की सेटिंगची कामं दोन जातीची असतात, काही मशीन थांबल्याशिवाय होतच नाहीत आणि काही मशीन चालू असतानाच उरकता येतात, आपण दुसऱ्या जातीची कामं पण मशीन थांबवून करतो. १९६९ ला टोयोटात हजार टनाच्या प्रेसचं ४ तासांचं सेटिंग शेवटी ३ मिनिटांवर आणलं. आपल्याला ३ मिनिटं नकोत हो, आपल्याला दीड तासाचा अर्धा तास झाला तरी पुष्कळ.

करायचं असं. एका सेटिंगचा मोबाईलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा, शेवटचा जुना पार्ट निघाल्यापासून पहिला नवीन ओके पार्ट मिळेपर्यंत. मग ऑपरेटरला शेजारी बसवून चहा पीत बघा, तुम्ही एकटे बघू नका. त्याला स्वतःलाच दिसतं की ऍलन की (षटकोनी पाना) शोधण्यात किती वेळ गेला, इन्सर्ट आणायला स्टोअरला किती चकरा, बोअर गेज (भोकाचं माप घ्यायचं) दुसऱ्या मशीनवर होता, ड्रॉइंग मालकाच्या व्हॉट्सऍपवर आणि मालक बँकेत. यातलं एकही काम मशीन थांबवून करायचं नाहीये. म्हणून प्रत्येक पार्टचा एक ट्रे करा, पत्र्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा क्रेट चालेल, त्यात ड्रॉइंगची प्रिंट, प्रोग्राम नंबर, लागणारे टूल होल्डरवर चढवून, सॉफ्ट जॉ (पार्ट धरायचे मऊ जबडे) आधीच पार्टच्या मापाला बोअर केलेले, गेज आणि दोन इन्सर्ट जादाचे. आधीचा पार्ट चालू असतानाच हेल्परने ट्रे भरून मशीनपाशी आणून ठेवायचा. फिक्स्चरला (पार्ट पकडायच्या साच्याला) शक्य तिथे डॉवेल पिना (जागा पक्की करणाऱ्या पिना) मारून घ्या म्हणजे दरवेळी डायल लावून सरळ करत बसायला लागत नाही. नट-बोल्ट एकाच साईजचे ठेवले तर एकाच पान्यात काम होतं, ऐकायला किरकोळ वाटतं पण करून बघा.

जागा आवरणं हा यातलाच भाग. आपल्याकडे खंडेनवमीला मशीन चकाचक, हार-कुंकू, सगळी हत्यारं ओळीत आणि दसरा संपला की परत तोच पसारा. त्या दिवशीचा फोटो प्रिंट करून भिंतीवर लावा, रोज सुटायच्या आधी दहा मिनिटं त्या फोटोसारखं करायचं, वेगळी ट्रेनिंग-बिनिंग नको.

यानंतर सगळ्यात जास्त वेळ कोण खातं तर "अर्जंट". कस्टमरचा फोन येतो, साहेब आज संध्याकाळी ५० पीस पाहिजेच, आपण लागलेलं सेटिंग तोडतो, त्याचं लावतो, मग परत पहिलं लावतो. म्हणजे ५० पीससाठी दोन सेटिंगचा खर्च आणि रेट मात्र नेहमीचाच. नाही म्हणा असं मी सांगत नाही, मोठ्या कस्टमरला नाही म्हणता येत नाही हे सगळ्यांना माहितीये. पण एक मशीन, शक्यतो जुनी, अर्जंटसाठी राखून ठेवा, किंवा सेटिंग तोडायचा चार्ज वेगळा सांगा, चार्ज ऐकला की निम्मी अर्जंट कामं परवावर जातात. बाकी मशीनवर उद्या कुठले जॉब ते आज संध्याकाळी बोर्डवर लिहा आणि लिहिलेलं मालकाने स्वतः सकाळी खोडायचं नाही, बहुतेक शेडमधे बोर्ड मोडणारा माणूस मालकच असतो.

पहिला पार्ट चेक करायला क्यूसीवाला अर्ध्या तासाने येतो आणि तोवर मशीन उभी, हे पण कागदावर दिसेल. ऑपरेटरला व्हर्नियर आणि मायक्रोमीटर नीट शिकवा, चार-पाच महत्त्वाची मापं त्यानेच घ्यायची, क्यूसीला फक्त अवघड माप. इन्सेंटिव्ह देणार असाल तर ओके पीसवर द्या, नुसत्या आकड्यावर दिलात तर रिजेक्शनचा डबा भरेल.

कंप्रेसरचं एक सुट्टीच्या दिवशी बघा. सगळ्या मशीन बंद, हवा कुठेच वापरात नाही, फक्त कंप्रेसर चालू. किती वेळ लोड होतो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता फिरतो) ते घड्याळ लावून लिहा. लोडची वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले १००, कंप्रेसरच्या क्षमतेच्या एवढे टक्के हवा गळतीत चाललीये. २ मिनिटं लोड आणि ४ मिनिटं अनलोड म्हणजे ३३ टक्के, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा गेलाच म्हणा. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जॉइंट, कपलर, एअर गन बघत फिरा, बुडबुडे आले तिथे दुरुस्ती.

कागदावरच्या कारणांतलं राहिलं "मटेरियल नाही". बऱ्याचदा याचा अर्थ सप्लायरने उधारी बंद केली आणि आपले पैसे कस्टमरकडे अडकले. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागायला कोणी जात नाही, पुढची ऑर्डर जाईल या भीतीने. पण आकारणी वर्ष २०२४-२५ पासून इन्कम टॅक्समधे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच) म्हणून) नियम आलाय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च कस्टमरला त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरता येतो, त्यामुळे मार्चमधे त्यांचाच अकाऊंटवाला फोन करून उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला) मागतो. रजिस्ट्रेशन सरकारी पोर्टलवर फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नंबर प्रत्येक बिलावर छापून घ्या आणि पीओवर (कस्टमरच्या लेखी ऑर्डरवर) पेमेंटचे दिवस लिहून घेतल्याशिवाय मटेरियल कापायला घेऊ नका.