टास्कपेपरमध्ये उरलेली कामं शोधायचे स्वतःचे सर्च (आणि मग स्क्रिप्ट)

टास्कपेपर (मॅकवरचं, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये कामांची यादी ठेवायचं ॲप) वापरणारे बरेच जण काम झालं की @डन हा टॅग लावतात, अधूनमधून अर्काइव्ह करतात (झालेली कामं बाजूला हलवतात) आणि विषय संपला. वरचा सर्च बार नुसता शब्द शोधायला आहे असंच धरून चालतात. पण त्या बारमध्ये छोटीशी क्वेरी लँग्वेज (काय शोधायचं त्याच्या अटी लिहायची भाषा) आहे आणि तिचे चार-पाच तुकडे जमले की स्क्रिप्टची (छोट्या प्रोग्रॅमची) गरज फार कमी वेळा पडते. म्हणून आधी क्वेरी, स्क्रिप्ट शेवटी. खाली सगळं देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना शब्द, आकडे, कंस सगळं इंग्रजी कीबोर्डवरूनच करा, स्पेलिंग नेहमीचंच.

फाइल साधी टेक्स्ट असते हे माहीत असेलच. कोलनने संपणारी ओळ प्रोजेक्ट, डॅशने सुरू होणारी टास्क, बाकी सगळं नोट. हे लक्षात ठेवा, कारण पहिली गोची इथेच होते. सगळे सुरुवातीला हे टाकतात:

नॉट @डन

आणि मग प्रोजेक्टची नावं, नोटा, सगळाच पसारा समोर येतो. बरोबरच आहे, नोटेला कोण @डन लावतं! त्यामुळे टाइप सांगावा लागतो:

@टाइप = टास्क अँड नॉट @डन

दुसरी गोची जरा खोलातली आहे. समजा "रिपोर्ट पाठवणे" हे टास्क आहे आणि त्याच्या खाली आत सरकवलेली तीन छोटी टास्कं आहेत, आणि तुम्ही घाईत फक्त वरच्याला @डन केलं. खालच्या तिघांना टॅग लागत नाही, ती आपली सर्चमध्ये उघडी म्हणून येत राहतात, अर्काइव्हमध्ये गेल्यावरही येतात, आणि माणूस डोकं खाजवत बसतो की हे तर केलेलं. उपाय म्हणजे झालेल्या ओळींच्या पोटातलं सगळं वजा करायचं:

@टाइप = टास्क अँड नॉट @डन एक्सेप्ट //@डन//*

दोन स्लॅश म्हणजे खाली कितीही खोल असलेलं, एक स्लॅश म्हणजे फक्त लगेच खालची पातळी, आणि स्टार म्हणजे काहीही. एक्सेप्ट वजाबाकी करतो, तसेच युनियन आणि इंटरसेक्टही आहेत. माझ्या मते या लँग्वेजमधली सगळ्यात कामाची गोष्ट हा एक्सेप्टच आहे, कारण उघडी कामं शोधणं म्हणजे मुळात काय नको ते सांगणं. थांबवून ठेवलेल्यांना @होल्ड लावत असाल तर अजून एक एक्सेप्ट //@होल्ड जोडा, आणि पोटातलीही नको असतील तर एक्सेप्ट //@होल्ड//* पण.

आता तारखा. काम कधीपर्यंत हवं ते @ड्यू(२०२५-०३-१४) असं लिहिलेलं असतं, पण नुसतं लहान-मोठं चिन्ह टाकलं तर ते अक्षरांची तुलना करतं आणि टुडे हा शब्द तारीख म्हणून धरतच नाही. चिन्हाला चिकटून चौकोनी कंसात डी टाकायचा, मग तारखांची तुलना होते:

@टाइप = टास्क अँड नॉट @डन अँड @ड्यू <=[डी] टुडे +७ डेज

यात उशीर झालेलीही येतात, आणि ती यायलाच हवीत. तारीखच नसलेली येत नाहीत, त्यांचा वेगळा सर्च ठेवा (अँड नॉट @ड्यू), नाहीतर ती कुठेतरी तळाशी पडून राहतात.

क्वेरी जमली की तीच फाइलमध्ये एका ओळीत ठेवायची, म्हणजे ती साइडबारमध्ये दिसते आणि क्लिक केलं की झालं. ओळीचं नाव काहीही चालतं:

हा आठवडा @सर्च(इथे क्वेरी)

फक्त क्वेरीत स्वतःचे गोल कंस असतील, म्हणजे समजा (@टुडे ऑर @अर्जंट) अँड नॉट @डन, तर आतल्या प्रत्येक कंसाच्या आधी बॅकस्लॅश द्या. नाही दिला तर टॅग पहिल्याच बंद कंसाला संपतो आणि अर्धीच क्वेरी चालते. एरर ठळक दिसत नाही, रिझल्ट नुसता विचित्र येतो.

प्रत्येक प्रोजेक्टचं पुढचं एकच काम हवं असेल तर प्रोजेक्ट *//नॉट @डन[०]. शेवटचा शून्य म्हणजे पहिलं सापडलेलं. प्रोजेक्टखाली आधी नोट लिहायची सवय असेल तर इथेही टाइपची अट घाला.

स्क्रिप्ट कधी लागते? बेरीज करायची असते तेव्हा. समजा कामांना @मिन(३०) असा अंदाजे वेळ लिहिलाय आणि आजच्या उरलेल्यांची एकूण मिनिटं हवीत, तर ते क्वेरीला जमत नाही. मॅकच्या स्क्रिप्ट एडिटरमध्ये भाषा जावास्क्रिप्ट करा आणि टास्कपेपरकॉन्टेक्स्ट नावाचं फंक्शन लिहा, त्याला दोन गोष्टी मिळतात, एडिटर आणि ऑप्शन्स. आत एडिटर.आउटलाइन.इव्हॅल्युएटआयटमपाथ ला वरच्यासारखीच क्वेरी (आजपुरती, म्हणजे +७ डेज शिवाय) दिली की ओळींचा ॲरे, म्हणजे यादी, येते. प्रत्येक ओळीवर गेटॲट्रिब्यूट('डेटा-मिन', नंबर) म्हणायचं आणि बेरीज करायची. टॅगचं नाव आत डेटा-डॅश लावून साठवलेलं असतं, नुसतं मिन मागितलं तर काहीच मिळत नाही. आणि वेळ न लिहिलेली कामं किती तेही वेगळं मोजा, नाहीतर बेरीज उगाच आशादायक दिसते.

हे फंक्शन टूस्ट्रिंग करून (मजकुरात बदलून) डॉक्युमेंट्स[०].इव्हॅल्युएट ला स्क्रिप्ट म्हणून जातं आणि टास्कपेपरच्या आत चालतं. त्यामुळे बाहेरचे व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत, जे काही पाठवायचं ते विथऑप्शन्स मधून पाठवा. परत येतानाही तेच, ओळीचं ऑब्जेक्ट बाहेर येत नाही, बॉडीस्ट्रिंग (ओळीचा मजकूर) काढून तो किंवा आकडाच परत द्या.

बेरीज नको, नुसता व्ह्यू बदलायचा असेल, म्हणजे सोमवारी एक सर्च आणि शुक्रवारी दुसरा, तर वार बघून एडिटर.आयटमपाथफिल्टर मध्ये योग्य ती क्वेरी टाका, बास. फिल्टर काढायला तिथेच रिकामी स्ट्रिंग (अवतरणचिन्हांत काहीच नाही) टाका.