इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीनं पेट घेतला तर काय करायचं?

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत स्कूटर ठेवायची जागा म्हणजे जिन्याखाली किंवा दारातच. रात्री गाडी तिथंच चार्जिंगला लावून माणसं वर झोपतात. ही सवय आधी मोडा. सिकंदराबादला सप्टेंबर २०२२ मध्ये तळघरातल्या ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली, धूर जिन्यानं वरच्या लॉजमध्ये चढला आणि ८ जणांचा जीव गेला. म्हणून बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नकोच. अंगणात, घरची मंडळी जागी असताना करा.

बॅटरी फुगली, उग्र वास आला, फुसफुस किंवा तडतड ऐकू आली, पांढुरका धूर दिसला, की तिला हात लावू नका. उचलून बाहेर न्यायचा मोह आवरा. तो धूर विषारी असतो आणि बंद खोलीत साठला तर त्याचा स्फोट होऊ शकतो. मेन स्विच आगीपासून लांब असेल तरच बंद करा. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेर पडताना आपल्यामागे दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. "लिथियम बॅटरी पेटली आहे" असं स्पष्ट सांगा. आमच्या बोळांत बंब वळताना अडतो, म्हणून दोघांनी लगेच वाटेतल्या गाड्या हलवायच्या, एकानं कोपऱ्यावर थांबून रस्ता दाखवायचा.

आग विझवायची जबाबदारी अग्निशमन दलाची. पावडरच्या सिलिंडरनं ज्वाळा बसतात, पण आतली उष्णता तशीच राहते. एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि ही साखळी तोडायला बॅटरी थंडच व्हावी लागते. त्यासाठी पाणी लागतं, तेही भरपूर आणि बराच वेळ. कारला तर हजारो लिटर. बॅटरीचा डबा पाणी आत शिरू नये असाच बनवलेला असतो, त्यामुळे बादलीभर पाण्यानं काही साधत नाही. उलट माणूस धुरात सापडतो.

आग विझली तरी गाडी घरात घेऊ नका. काही तासांनी, कधी काही दिवसांनीही ती पुन्हा पेटू शकते. घरं आणि इतर गाड्यांपासून पन्नासेक फूट लांब, उघड्यावर ठेवा.

पुरात बुडालेल्या गाडीलाही हेच लागू. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं ते आपण पाहिलंय. पाणी ओसरल्यावर गाडी वरून कोरडी दिसली तरी आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. सर्व्हिस सेंटरनं बॅटरी तपासेपर्यंत चार्जर लावू नका, गाडी चालूही करू नका.